ओठ उललेत, मुलगा सारखा जीभ फिरवतो, घरच्या घरी काय करू?

निफाडची_सून
नमस्कार सगळ्यांना. आम्ही निफाडच्या बाजूला राहतो, द्राक्षाची बाग आहे. इकडची थंडी ज्यांना माहितीय त्यांना वेगळं सांगायला नको, पारा फार उतरला की रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करावा लागतो, मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून. मण्यांचं बघता बघता घरातल्या माणसांचे ओठ तडकलेत त्याचं काय 😅

माझे ओठ दरवर्षीच उलतात, सालपटं निघतात, तिखट खाल्लं की डोळ्यात पाणी. पण यंदा माझ्यापेक्षा मुलाचं जास्त झालंय. सहा वर्षाचा आहे, सारखी ओठावरून जीभ फिरवतो, आणि आता ओठांच्या बाहेर पण, म्हणजे खालच्या ओठाखाली हनुवटीपर्यंत आणि वर मिशीच्या जागेवर लालभडक गोल पट्टा आलाय, शाळेत पोरं जोकर म्हणून चिडवतात. ओरडलं की अजून चाटतो.

आत्तापर्यंत ग्लिसरीन-गुलाबपाणी लावून बघितलं, तर तो चुरचुरतं म्हणून रडला. मग मेडिकलमधून स्ट्रॉबेरीच्या वासाचा लिप बाम आणला, तो त्याला एवढा आवडला की लावला की दोन मिनिटात चाटून साफ. घरात कैलास जीवन असतंच, ते लावावं का? सासूबाई म्हणतात बेंबीत तेल घाल, बाकी काही नको. मिस्टरांचे पण ओठ फुटलेत, ते रात्री बागेत असतात आणि फवारणी पण तेच करतात. सासऱ्यांच्या खालच्या ओठावर तर एक पांढरट खरबरीत चट्टा आहे, उन्हाळ्यातही जात नाही, पण ते काही लावूनच घेत नाहीत, म्हणतात या वयात कशाला लाडकोड.

सगळ्यांना चालेल असं एकच काहीतरी घरगुती सांगा प्लीज.

वऱ्हाडी_ठेचा
सासूबाईचं ऐका ताई. बेंबीत झोपताना दोन थेंब खोबरेल नाहीतर सरसोचं तेल, आमच्या अकोल्यात लहानपणापासून सारेच करतात. मले तरी फरक पडते बाप्पा. पैसा लागत नाही, करून पाहायले काय जाते.

कोकणातली_वहिनी
आमच्याकडे ओठ, टाचा, हाताच्या भेगा, सगळ्याला एकच, कोकम तेल. नावाला तेल, असतो तो घट्ट पांढरट गोळा. कोकमं सोलून झाली की बिया फेकत नाहीत, उन्हात वाळवायच्या, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळत ठेवायचा, वर जे तेल तरंगतं ते काढून घेतलं की थंड होऊन गोठतं, मग हाताने गोळे वळतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात आठवडी बाजारात मिळतो, नाशिकलाही कोकणी मालाच्या दुकानात मिळायला हरकत नाही. चमच्यात चिमूटभर घेऊन जरा गरम करायचं आणि कोमट असताना ओठाला लावायचं. वास नाही, गोड नाही, त्यामुळे मुलगा चाटणार पण नाही. टाचांना लावलात तर मोजे घालून झोपा, नाहीतर चादरी तेलकट होतात आणि मग सासूबाई वेगळं ऐकवतात.

मेडिकलवाला_दादा
ताई, माझं मेडिकल आहे, डिसेंबर लागला की रोज हेच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यांना एकच गोष्ट नाही चालणार, कारण तुम्ही लिहिलेले चौघं चार वेगळे आहेत.

आधी मुलाचं. तो लाल पट्टा चाटण्यामुळेच आहे, खूण सोपी, जिथपर्यंत जीभ पोचते तिथपर्यंतच लाल, पुढे कातडी चांगली. होतं काय की ओठाच्या कातडीला घामाच्या ग्रंथी नाहीत, बाकी अंगाला जे तेल सुटतं तेही तिथे जवळजवळ नाही, आणि वरचा थर फार पातळ. म्हणजे ओलावा धरून ठेवायला तिथे काहीच नाही. थुंकी लावली की क्षणभर बरं वाटतं, मग ती उडून जाते आणि जाताना आतला ओलावाही घेऊन जाते. वर थुंकीत अन्न पचवणारे पदार्थ असतात, ते त्या नाजूक कातडीला टोचत राहतात. कोरडं पडलं म्हणून चाटायचं आणि चाटलं म्हणून कोरडं पडायचं, असं चालूच राहतं. ओरडून हे थांबत नाही कारण त्याला कळतही नाही आपण चाटतोय ते.

त्याला साधं पांढरं व्हॅसलीन, बिनावासाचं, बिनारंगाचं. जाड थर, ओठावर आणि त्या सगळ्या लाल पट्ट्यावर. जेवायच्या आधी लावा, कारण वरणाचं, लिंबाचं, लोणच्याचं आंबट-खारट त्या चिरांना लागतं. जेवून तोंड धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा आणि ओल असतानाच परत लावा. शाळेत जाताना, आल्यावर, झोपताना सगळ्यात जाड. व्हॅसलीन स्वतः ओलावा देत नाही, असलेला बाहेर जाऊ देत नाही, म्हणून कोरड्या ओठावर फासण्यापेक्षा ओलसर ओठावर लावलेलं जास्त कामाला येतं. बहुतेक मुलांचं आठवडा-दोन आठवड्यात उतरतं. नाही उतरलं, पिवळी खपली धरली किंवा पाणी सुटायला लागलं तर मात्र डॉक्टरला दाखवा.

आणि हात जोडून सांगतो, काउंटरवर 'लाल झालंय, ट्यूब द्या' म्हणून मागू नका. ज्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध तिन्ही एकत्र असतं ती लावली की दोन दिवसात छान वाटतं आणि नंतर तोंडाभोवती बारीक पुरळ उठतं ते महिनोन्महिने जात नाही. मी चिठ्ठीशिवाय देत नाही, काही लोक चिडून शेजारच्या दुकानात जातात, जाऊ देत.

कैलास जीवन किंवा घरात असलेलं कुठलंही मलम असो, पाकिटावर काय लिहिलंय ते आधी वाचा. कापूर, मेन्थॉल, पुदिना, दालचिनी, निलगिरी असलं काही असेल तर फुटलेल्या ओठावर नको. ते गारगार वाटतं ना, ते बरं होण्याचं नसतं, चुरचुरण्याचंच असतं. बोरोलीन पण लोक सर्रास लावतात, त्यात बोरिक ॲसिड असतं, टाचेला लावा खुशाल, पण लहान मुलाच्या ओठावरचं पोटात जाणारच म्हणून मी तरी नको म्हणेन.

मिस्टरांचं आणि सासऱ्यांचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

सांगलीच्या_काकू
ग्लिसरीन नुसतं लावू नये गं, चिरा असतील तर झोंबतंच, आणि हवा अशी कोरडी असली की ते खालच्या थरातलंच पाणी ओढतं. लावलंच तर पाण्यात पातळ करून आणि वरून तूप.

साजूक तुपासारखं काही नाही. आमच्या सासूबाई शतधौत घृत करायच्या, तांब्याच्या परातीत तूप घ्यायचं, गार पाणी घालून तळहाताने फेसायचं, पाणी ओतून टाकायचं, परत नवं पाणी, असं शंभर वेळा. शेवटी पांढरंशुभ्र लोण्यासारखं हलकं मलम होतं, तुपाचा वासही फारसा उरत नाही. छान असतं यात वादच नाही, पण खांद्याचे हाल होतात आणि पाणी मुरलेलं असल्यामुळे फार दिवस बाहेर टिकत नाही. मी आता सरळ बरणीतलं तूप बोटाने लावते, तेवढंच काम करतं.

तुझ्या मुलाला मात्र तूप, साय, मध यातलं काही लावू नकोस, सगळं गोड लागतं, तो चाटणारच. आणि घरात एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याच्या ओठाला मध अजिबात नको, घुटीतसुद्धा नको, पूर्वी देत असत ते असो.

वऱ्हाडी_ठेचा
बेंबीबद्दल कोणीच काही बोलून नाही राहिले. मले खरंच फरक पडते म्हटलं ना.

मेडिकलवाला_दादा
दादा, नाराज होऊ नका. जन्मानंतर नाळ तुटली की आतल्या रक्तवाहिन्या बंद होतात आणि त्यांच्या नुसत्या दोऱ्या उरतात, बेंबीतून ओठापर्यंत तेल जायला रस्ताच नाही. पण माझा अंदाज सांगू का, झोपताना बेंबीत तेल घालणारा माणूस बोटाला उरलेलं तेल कुठे पुसतो? ओठाला. फरक त्याचा 😀 नुकसान काही नाही, घाला, पण दोन थेंब ओठालाही ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
हे मात्र खरं आहे 😂 पुसतो ना मी ओठाले.

कॅलगरीकर
इथे बाहेर उणे वीस आणि आत हीटर, म्हणून माझे दोन पैसे. गार हवेत मुळातच पाण्याची वाफ कमी मावते, तीच हवा आत घेऊन तापवली की ती आणखी कोरडी होते, घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते आणि ओठ, नाक, हाताची बोटं सगळं फुटतं, मुलीचा तर घोळणा फुटायचा. आम्ही ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावतो, पण तुम्हाला तो घ्यायची गरज वाटत नाही, तुमच्याकडे हीटर नसणार. रात्री खोलीत धुतलेले कपडे वाळत घातले तरी थोडा फरक पडतो.

जास्त महत्त्वाचं म्हणजे मुलाचं नाक चोंदलेलं आहे का बघा. सर्दीने किंवा ॲडिनॉइड्स (नाकामागच्या गाठी) वाढलेल्या मुलांचं रात्रभर तोंड उघडं असतं आणि हवा ओठांवरून जात राहते, मग दिवसा कितीही लावा, सकाळी परत तेच. घोरतो का?

आणि शेकोटीजवळ बसणाऱ्यांचं तर विचारायलाच नको, पाठीला गारठा आणि तोंडाला धग.

पुणेरी_मांजर
माझा वेगळाच प्रश्न, इथेच विचारते. मला पिंपल्ससाठी डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्यात, आयसोट्रेटिनॉइन, तेव्हापासून ओठांचं वाळवंट झालंय, दिवसभर बाम चालूच असतो. यात पण कोकम तेल चालेल का?

मेडिकलवाला_दादा
मांजरताई, त्या औषधाने जवळपास सगळ्यांचेच ओठ सुकतात, ते अपेक्षितच आहे. कोकम तेल, व्हॅसलीन काहीही चालेल, फक्त तासातासाला लावायची तयारी ठेवा आणि बाहेर पडताना ऊन टाळा. व्हिटॅमिन ए च्या गोळ्या जोडीला घेऊ नका. त्वचा छान व्हावी म्हणून कोणीतरी सुचवतं, पण हे औषध त्याच घराण्यातलं आहे, डबल होईल. गरोदरपणात हे औषध अजिबात चालत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं असेलच. फार त्रास झाला तर मनानेच बंद करू नका, डोस कमी करता येतो का विचारा.

निफाडची_सून
बापरे एवढे रिप्लाय, थँक्यू सगळ्यांना. कॅलगरीकर, हो, घोरतो, आणि सर्दी तर दिवाळीपासून चालूच आहे, हे मी ओठाशी जोडलंच नव्हतं. स्ट्रॉबेरीवाला बाम आता मी वापरते, त्याच्यासाठी साधं व्हॅसलीन आणलंय. पण सासूबाई डबीवरचं वाचायला लावतात आणि म्हणतात पेट्रोलियम म्हणजे रॉकेलच्या नात्यातलं, पोराच्या पोटात गेलं तर? आणि वहिनी, घरी बाम करता येतो का, आमच्या शेजारी मधपेट्या ठेवतात, मेण फुकट मिळेल.

मेडिकलवाला_दादा
सासूबाईंचा प्रश्न बरोबर आहे. निघतं ते खनिज तेलातूनच. अमेरिकेत चेसब्रो नावाच्या माणसाने तेलविहिरींच्या पंपांवर साठणारा चिकट थर बघितला, कामगार तो भाजल्या-कापल्यावर लावायचे, त्याने तो शुद्ध करून १८७२ साली पेटंट घेतलं. तो स्वतः रोज चमचाभर खायचा असं सांगतात आणि ९६ वर्षं जगला. तसं करायची गरज नाही, पण औषधी दर्जाचं शुद्ध केलेलं असेल तर ओठावरून पोटात जाणारं किंचितसं अपाय करत नाही. सुटं, पिवळट, बिनालेबलचं मात्र घेऊ नका. तरीही त्यांना नकोच वाटत असेल तर वहिनींचं कोकम तेल आणा, वाद मिटला.

आता मिस्टर. फवारणी झाली की आधी तोंड-हात साबणाने धुवायचे, मग बाम. ओठाला काही लावून फवारणीला गेलं की औषधाचे तुषार त्या चिकटपणाला धरून बसतात. मास्क लावतात ना? धुवून आल्यावर आणि रात्री बागेत जाताना जाड लावा, तोंडाला मफलर, पण लोकरीचा ओठाला घासणारा नको, आतून सुती रुमाल घ्या. दिवसा उन्हात असतात तर ऊन अडवणारा, एसपीएफ ३० असलेला बाम, थंडीतही, गार हवेत ऊन जाणवत नाही पण लागतं. आणि सगळ्यांची टूथपेस्ट बघा एकदा. झणझणीत मिंटची किंवा दालचिनी-लवंगेची असेल तर दोन-तीन आठवडे साधी वापरून बघा, कित्येकांचे ओठ नुसते तेवढ्यानेच बरे होतात.

आणखी एक, ओठाचं मधलं फुटणं वेगळं आणि तोंडाचे कोपरे चिरणं वेगळं. कोपरे चिरले की लोक येऊन बी कॉम्प्लेक्स मागतात, त्या गोळ्यांनी लघवी पिवळी झाली की घाबरून परत येतात, ती बी-२ मुळे होते, घाबरण्यासारखं नाही. पण कोपरे फक्त व्हिटॅमिन कमी पडल्याने चिरत नाहीत, पुष्कळदा तिथे लाळ साठून बुरशी धरते, कवळी ढिली असलेल्या म्हाताऱ्या माणसांत तर हमखास, बायकांमध्ये लोह कमी असतं. सारखं होत असेल तर गोळ्या गिळण्याआधी हिमोग्लोबिन करून घ्या.

कोकणातली_वहिनी
बाम करता येतो गं, सोप्पा आहे. मेण मधमाशांचंच हवं, मेणबत्तीचं नव्हे. पूर्वी कुंकवाखाली लावायचं ते मेण हेच. पोळ्यातलं कच्चं असेल तर आधी पाण्यात उकळून फडक्यातून गाळून घे, मेलेल्या माशा, पंख सगळं फडक्यात राहतं, थंड झालं की वर मेणाची चकती येते. मग एक चमचा किसलेलं मेण आणि तीन चमचे खोबरेल तेल वाटीत घालून ती वाटी उकळत्या पाण्यात धर, डायरेक्ट गॅसवर नको, मेण पेट घेतं. विरघळलं की डबीत ओत. तुमच्याकडे थंडीत खोबरेल आपोआपच गोठतं, त्यामुळे तुला मेण जरा कमीच लागेल, नाहीतर डबीतून निघणारच नाही. थेंबभर काढून ताटलीवर गार करून बघ आणि मग ठरव. वासासाठी काही घालू नकोस, लिंबू तर नाहीच, यूट्यूबवर सगळे लिंबू आणि साखरेने घासायला सांगतात, चिरलेल्या ओठावर साखर घासायची म्हणजे कमाल आहे. सालपटं ओढू पण नकोस, तूप लावून ठेव, मऊ पडून आपली निघतात.

रात्रपाळीची_सिस्टर
सगळं वाचलं आणि एकच गोष्ट राहून गेल्यासारखी वाटली म्हणून लॉगिन केलं. ताई, तुम्ही सासऱ्यांबद्दल एका ओळीत लिहिलंय आणि पुढे गेलात. खालच्या ओठावर पांढरट, खरबरीत, उन्हाळ्यातही न जाणारा चट्टा, आयुष्य शेतात उन्हात गेलेलं. ते तंबाखू खातात का? चुन्याबरोबर मळून ओठात धरतात का?

हे थंडीचं फुटणं नाही. थंडीत फुटलेले ओठ व्हॅसलीन-तुपाने दोन-तीन आठवड्यात बरे होतात किंवा निदान जागा बदलतात, आज इथे चिरलं उद्या तिथे. एकाच जागी राहणारा, खरखरीत किंवा घट्ट लागणारा, मधूनच रक्त येणारा डाग वर्षानुवर्षाच्या उन्हाने होतो, तंबाखूनेही होतो, आणि त्यातला काही भाग पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. असेलच असं म्हणत नाही, बहुतेक वेळा वेळेत दाखवलं तर साधे उपाय असतात. पण डोळ्यांनी बघून घरी ठरवायची गोष्ट नाही, गरज वाटली तर बारीक तुकडा काढून तपासतात, जागा बधिर करून, थोड्या वेळात घरी पाठवतात. त्वचेचे डॉक्टर नाहीतर दातांचे डॉक्टर, कोणीही आधी बघू शकतात. यावर कोकम तेल लावून वाट बघू नका.

मेडिकलवाला_दादा
सिस्टरना पूर्ण अनुमोदन. मी मघाशी नंतर लिहितो म्हणालो ते हेच, पण त्यांनी जास्त नीट लिहिलं.

निफाडची_सून
हो, तंबाखू खातात, तरुणपणापासून, चुना लावून खालच्या ओठातच धरतात. मी वाचून दाखवलं तर म्हणाले दुखत नाही मग दाखवायचं काय.

रात्रपाळीची_सिस्टर
दुखत नाही म्हणूनच माणसं उशिरा येतात, ताई. सुरुवातीला दुखतच नाही. मिस्टरांना सांगा न्यायला, सून म्हणून तुमचं ऐकणार नाहीत कदाचित, मुलाचं ऐकतील.

सांगलीच्या_काकू
किंवा नातवाला पुढे कर. त्याचं तोंड दाखवायला जायचंय, आजोबा सोबत चला म्हणावं, तिथे गेल्यावर दोघांचंही दाखवून घे.

निफाडची_सून
काकू हे बेस्ट आहे 😀 सोमवारी थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, बायका यायच्यात, मंगळवारी नेते दोघांना. मिस्टर पण येतो म्हणालेत.

रात्रपाळीची_सिस्टर
छान. जाताना आजोबांची तंबाखू किती वर्षांपासून, दिवसातून किती वेळा आणि ओठाच्या नेमक्या कुठल्या बाजूला धरतात ते सांगा, ते स्वतः कमी करून सांगतील. कवळी असेल तर बरोबर न्या. आणि त्या दिवशी ओठाला काही लावू नका, डॉक्टरांना कोरडा ओठ बघायचा असतो.